चेपते ती गाडी कच्ची नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्याकडच्या महामार्गावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: ‘धडक इतकी भीषण होती की कारचा अक्षरशः चेंदामेंदा झाला.’ सोबत फोटो. तो फोटो पाहून टपरीवर निघणारा निष्कर्षही ठरलेला: हल्लीच्या गाड्यांच्या ‘पत्रामा दम नही’, जुन्या गाड्या कशा लोखंडी होत्या! या निष्कर्षापायी लोक पैसे खर्चून गाड्यांना असे काही बसवून घेतात की धडकेत त्यांचाच जीव जास्त धोक्यात येतो. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. त्यात आकडेही येतील, पण ते दहावीच्या गणितापलीकडचे नाहीत.

धडकेत दोन गोष्टींचा हिशेब मांडायचा असतो. पहिली संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. धडक कशीही झाली तरी दोन्ही गाड्यांचा मिळून संवेग आधी जेवढा, तेवढाच नंतर. दुसरी गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे. ही मात्र धडकेनंतर गाड्यांच्या गतीत तेवढीच उरेल असे नाही. कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगटीला टिपले की ऊर्जा बरीचशी गतीतच राहते. ही स्थितिस्थापक टक्कर, निदान तिच्या जवळची. गोवऱ्या थापताना भिंतीवर मारलेला शेणाचा गोळा उसळत नाही, तिथेच चिकटतो. ही पूर्णपणे अस्थितिस्थापक टक्कर. भुसावळच्या यार्डात शंटिंग होताना ती रोज दिसते. ८० टनांची भरलेली वाघीण ताशी ४ किलोमीटरने येऊन तेवढ्याच वजनाच्या उभ्या वाघिणीला लागते, कपलर अडकतो आणि दोन्ही मिळून २ किलोमीटरने पुढे सरकतात. संवेग तेवढाच राहिला, ऊर्जा बरोबर निम्मी झाली. उरलेली निम्मी कपलरमागच्या गादीच्या दाबात, घर्षणात आणि त्या ओळखीच्या ‘धाड्’ आवाजात गेली.

मोटारी यातल्या कोणत्या जातीच्या? दोन्हींच्या. पार्किंगमध्ये माणसाच्या चालीने लागलेला बंपर थोडा उसळतो. जवळ येण्याचा वेग १० मानला तर दूर जाण्याचा ३-४ भरतो. महामार्गाच्या वेगाला मात्र हेच प्रमाण १० ला १ किंवा त्याहूनही कमी होते, म्हणजे गाडी जवळजवळ शेणाच्या गोळ्यासारखी वागते. ती तशी वागावी म्हणूनच तिची पुढची बाजू तशी बनवलेली असते.

न चेपणारी, कॅरमच्या सोंगटीसारखी टणक गाडी असती तर काय झाले असते? ती ताशी ५४ किलोमीटरच्या वेगाने भिंतीवर आदळून ५४ नेच मागे उसळली असती. आतल्या माणसाच्या वेगातला बदल १०८, आणि तो काही सहस्रांश सेकंदांत. चेपणाऱ्या गाडीत हाच बदल ५४ च्या थोडा वर राहतो आणि तो सावकाश होतो. ‘सावकाश’ म्हणजे किती, तर ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला, तर गाडी थांबायला लागतात सेकंदाचे ८ शतांश. या काळात माणसावर गुरुत्वाच्या १९ पट धक्का बसतो. ६५ किलोच्या माणसाला सीटचा पट्टा (सीट बेल्ट) रोखून धरतो तो सुमारे १२ क्विंटलांच्या भाराने. छातीवर पट्ट्याचे वळ उठतील, एखादी बरगडीही जाईल, पण माणूस जगू शकतो. पट्टा नसेल तर गाडी थांबते आणि माणूस ५४ नेच पुढे जात राहतो. त्याला स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड समजा ५ सेंटिमीटरांत थांबवते. तेव्हा धक्का गुरुत्वाच्या जवळपास २३० पट आणि भार १४९ क्विंटल. गाडी तीच, वेग तोच, फक्त थांबायचे अंतर बाराव्या हिश्श्यावर आले.

आता मांडीवरचे मूल. १० किलोचे लेकरू त्या धक्क्यात आईच्या हातांना १९० किलोचे होते. दोन क्विंटलांचे पोते कोणती माउली ८ शतांश सेकंद हातात धरून ठेवील? मागच्या सीटवर मोकळा ठेवलेला २० लिटर पाण्याचा जार तसाच ५४ च्या वेगाने पुढच्या माणसाच्या पाठीकडे निघतो. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे, दंड १००० रुपये. पण इथे मुद्दा दंडाचा नाही. पट्टा न लावलेला मागचा माणूस हा पुढच्या माणसासाठी ६५ किलोचा जार असतो.

जुन्या गाडीच्या जाड पत्र्याचे भक्त हा हिशेब ऐकून घेत नाहीत. त्यांच्यासाठी एक प्रयोग. २००९ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मॅलिबू समोरासमोर, अर्धवट बाजूने, ताशी ६४ किलोमीटरने धडकवल्या. जुन्या गाडीत चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यापर्यंत दरवाजा, स्टिअरिंग, डॅशबोर्ड सगळे घुसले. नव्या गाडीचे नाक गेले, केबिन शाबूत राहिली. योगायोग असा की ज्या वर्षीची ती जुनी गाडी, त्याच १९५९ मध्ये मर्सिडीजने बेला बारेन्यी यांच्या कल्पनेवर ‘पुढे-मागे मऊ, मधे कडक’ अशी गाडी बाजारात आणली आणि व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टाही त्याच वर्षी गाड्यांत बसू लागला.

तेव्हा फोटोत बोनेट कुठवर चेपले हे पाहू नका. विंडशील्डच्या दोन्ही बाजूंचे खांब सरळ आहेत का, पुढचा दरवाजा हाताने उघडतो का, स्टिअरिंग सीटकडे सरकले आहे का, हे पाहा. बातमीत या तीन गोष्टी आल्या तर वाचकाला कळेल की गाडीने आपले काम केले की नाही.

दुसरा मोठा गैरसमज बेरजेचा. ‘दोन्ही गाड्या ५४ ने होत्या, म्हणजे १०८ च्या वेगाने भिंतीवर आदळल्यासारखेच.’ हे सरसकट खरे नाही. सारख्या वजनाच्या दोन गाड्या ५४ ने समोरासमोर आल्या तर दोन्ही जागच्या जागी थांबतात. प्रत्येकीच्या वेगातला बदल ५४, म्हणजे ५४ नेच भिंतीवर आदळण्याइतका. चेपायला दोन नाके असतात, ऊर्जाही दोघींची असते, हिशेब समान वाटला जातो. वजने वेगळी असली की मात्र वाटणी बिघडते. ८०० किलोची छोटी गाडी आणि १६०० किलोची एसयूव्ही, दोन्ही ५४ ने. धडकेनंतर दोन्हींचा गुंता एसयूव्हीच्या दिशेने १८ च्या वेगाने सरकतो. एसयूव्हीतल्या माणसाच्या वेगात बदल ३६ चा, छोट्या गाडीतल्याच्या ७२ चा. दोन्ही गाड्यांवर लागलेला जोर एकच असतो, न्यूटनचा तिसरा नियम कोणाची भीड ठेवत नाही. पण वजन निम्मे म्हणून धक्का दुप्पट. ‘मोठी गाडी सुरक्षित’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे. तिच्या मालकाच्या सुरक्षिततेचा काही भाग समोरच्या छोट्या गाडीच्या खात्यातून वळता केलेला असतो.

मोटारसायकलचा हिशेब मांडताना पेन थांबते, तरी मांडू. गाडी आणि दोन माणसे मिळून २८० किलो, वेग ५४. समोरून १६ टनांचा केळीचा ट्रक, वेग ३६. धडकेने ट्रकच्या वेगात बदल होतो ताशी दीड किलोमीटरचा. चालकाला खड्डा लागल्यासारखे वाटले तर नवल नाही. मोटारसायकलच्या वेगात बदल होतो ८८ किलोमीटरचा, तोही चेपायला नाक नसताना. एवढ्या धडकेत हेल्मेट सगळे वाचवील असे आम्ही म्हणणार नाही. ते वाचवते नंतर डोके डांबरावर आपटते तेव्हा. हेल्मेटमधला तो थर्माकोलसारखा थर दोन-तीन सेंटिमीटर जाड असतो आणि तो चेपून कायमचा दबलेलाच राहावा अशीच त्याची रचना असते. उसळला तर डोक्यालाही उसळवेल. म्हणून एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसले तरी बाद. आणि नुसते प्लॅस्टिकचे टोपडे, ज्यात हा थर नावालाच असतो, ते दंड वाचवते, डोके नाही. आयएस ४१५१ हा क्रमांक आणि आयएसआय खूण पाहून घ्यावे.

वेगाच्या वर्गाचे प्रकरण खानदेशात समजावून सांगायला विहिरीएवढे सोपे काही नाही. ५४ च्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे ३८ फूट खोल कोरड्या विहिरीत कठड्यावरून पडणे. ७२ ला ती विहीर ६७ फुटांची होते, ९० ला १०४ फुटांची. ७२ वरून ९० वर जाताना काटा १८ नेच सरकतो, ऊर्जा मात्र ५६ टक्क्यांनी वाढते.

आता त्या पैसे खर्चून बसवून घेतलेल्या वस्तूंकडे वळू. पहिली म्हणजे पुढचे लोखंडी गार्ड. कारच्या बाहेरून दिसतो तो प्लॅस्टिकचा बंपर फक्त देखावा असतो. त्यामागे आडवी बीम, बीमच्या दोन टोकांना डबीसारखे दोन तुकडे (यांना क्रॅश बॉक्स म्हणतात) आणि त्यामागे चेसिसचे दोन लांब दांडे. ठोकर बसली की आधी डब्या घडी घालून दबतात, मग दांडे ठरलेल्या जागी वाकतात. गार्ड बहुधा या सगळ्याला वळसा घालून थेट दांड्यांना बोल्टने आवळतात. मग डब्यांची घडी पडायच्या आत जोर आतल्या भागापर्यंत पोचतो. चेपायचे अंतर निम्मे झाले तर धक्का दुप्पट, इतके हे सरळ आहे. शिवाय एअरबॅग उघडायची की नाही हे सेन्सर वेग कसा घटतो आहे ते पाहून ठरवतो. कंपनीने तो सेन्सर गार्ड नसलेल्या गाडीवर बसवून पारखलेला असतो. त्याला वेगळ्याच तऱ्हेचा धक्का पोचला तर एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा उघडतही नाही. पायी माणूस, सायकलवाला यांच्यासाठी तर हा गार्ड सरळ पहार आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचे कळवले होते. तरी ते बसवलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतातच.

दुसरी वस्तू पट्ट्याच्या खाचेत अडकवायची नुसती क्लिप, ‘टूं टूं’ आवाज बंद करायला. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या. एअरबॅग ३० सहस्रांश सेकंदांच्या आसपास पूर्ण फुगते. ती पट्ट्याने मागे धरलेल्या माणसासाठी आहे. मोकळा माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन आदळतो.

पत्राकामाबद्दलही थोडे. अपघातानंतर वाकलेले दांडे गरम करून, ठोकून सरळ करण्याची पद्धत सर्रास आहे. रंग लावला की कळतही नाही. पण एकदा घडी पडलेले पोलाद घडीच्या जागी कडक होते, गरम केलेल्या जागी नरम पडते. पुढच्या धडकेत ते ठरलेल्या जागी वाकत नाही, भलत्याच जागी मोडते. दबलेल्या डब्या आणि बीम बदलायच्याच असतात, ठोकायच्या नाहीत. जुनी गाडी घेताना बोनेट उघडून दोन्ही बाजूंच्या एप्रनवरचे (चाकांच्या वरच्या आतल्या पत्र्यावरचे) कंपनीचे गोल स्पॉट वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतराने आहेत का ते पाहावे. त्या जागी वेल्डिंगची ओबडधोबड रेघ दिसली तर किंमत पाडून मागण्यात अर्थ नाही, गाडीच सोडून द्यावी.

पोलीस आणि पंच यांच्यासाठी एक गोष्ट, कारण ‘अतिवेगामुळे’ हा शब्द प्रत्येक पंचनाम्यात असतो, वेगाचा आकडा मात्र नसतो. संवेग टिकतो, म्हणून वेग मागे जाऊन काढता येतो. धरून चला: १२०० किलोची कार रस्त्यात उभ्या १८०० किलोच्या जीपला मागून धडकली, दोन्ही अडकल्या आणि चाके घासत १२ मीटर जाऊन थांबल्या. कोरड्या डांबरावर घर्षणाचे प्रमाण ०.७ घेतले तर धडकेनंतरचा एकत्रित वेग ताशी ४६. कारचा धडकेच्या क्षणीचा वेग त्याच्या अडीच पट, म्हणजे ११५. हेच डांबर ओले असेल आणि घर्षण ०.४ असेल, तर उत्तर ८७ वर येते. पंचनाम्यात ‘रस्ता ओला’ हे दोन शब्द लिहायचे राहिले तर हिशेब २८ किलोमीटरांनी चुकतो! चाळीसगाव–कन्नड घाटासारख्या उतारावर आणखी एक वजाबाकी हवी: शेकडा ६ चा उतार असेल तर ०.७ च्या जागी ०.६४. सगळी चाके घासत नसतील, एखादे मोकळे फिरत असेल, तर घर्षण आणखी कमी. म्हणून प्रत्येक चाकाची घासट वेगळी मोजावी. धडकेची जागा म्हणजे गाड्या थांबल्या ती जागा नव्हे. मडगार्डखालची वाळलेली माती आणि काचेचा चुरा जिथे पहिल्यांदा पडलेला दिसतो ती. मालाच्या गाडीची वजनकाट्याची पावती त्याच दिवशी ताब्यात घ्यावी.

गावच्या फाट्यावरची आडवी धडक तर कागद-पेन्सिलीने सुटते. १८०० किलोची जीप पूर्वेकडे, १२०० किलोची कार उत्तरेकडे, आणि दोन्ही अडकून बरोबर ईशान्येला सरकल्या, तर दोघींचा संवेग सारखा होता. जीप ४० ने असेल तर कार ६० ने. घासटींची दिशा नकाशावर नीट काढलेली असली की साक्षीदार काहीही सांगोत.

शेवटचा मुद्दा वरच्या सगळ्या हिशेबाला धाब्यावर बसवणारा आहे. हंगाम सुरू झाला की शहादा, चोपडा भागात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागून ७२ ने आलेली १००० किलोची कार थांबलेल्या २५ टनांच्या ट्रॉलीला धडकली तर कारच्या ऊर्जेतला ९६ टक्के भाग चेपण्यात जातो. ट्रॉली १८ ने चालत असेल तरी वेगातला फरक ५४ उरतोच. एवढी धडकही पट्टा आणि एअरबॅगच्या जोरावर निभावण्याची आशा असते, पण कारचे नाक कशाला तरी टेकले तरच. ट्रॉलीचा तळ बोनेटच्या उंचीला किंवा त्याहून वर असतो. नाक खालून सरळ आत जाते, चेपायचा भाग चेपतच नाही, सेन्सरला धक्का वेळेत कळत नाही, आणि ट्रॉलीची कड येऊन भिडते ती काचेला. मग गाडीला सुरक्षा-चाचणीत पाच तारे मिळालेले असोत की शून्य.

यासाठीच ट्रकच्या मागे आडवी पट्टी लागते, आयएस १४८१२ या मानकाप्रमाणे. तिची खालची कड जमिनीपासून ५५ सेंटिमीटरांहून वर नको, पट्टीची उभी रुंदी १० सेंटिमीटरांहून कमी नको, आणि दोन्ही बाजूंना ती १० सेंटिमीटरांपेक्षा जास्त आखूड नको. ट्रॉलीवाल्यांनी हीच मापे घेऊन गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात पट्टी करून घ्यायला हरकत नाही. मात्र तिचे पाय चेसिसच्या दोन मुख्य चॅनेलना जोडावेत आणि आतून तिरका आधार द्यावा. फाळक्याला किंवा तळाच्या पत्र्याला नुसती टाकून वेल्ड केलेली पट्टी पहिल्याच धडकेत दुमडून वर जाते आणि असून नसल्यासारखी होते. ऊस भरायला अडचण होते म्हणून ती बिजागरीवर बसवली तर खिळ मजबूत हवी आणि रस्त्याला लागण्याआधी घातलेली हवी.

लाल रेडियमची पट्टी या आडव्या पट्टीवरच चिकटवावी, फाळक्यावर नको. फाळक्यावरून लोंबणारे उसाचे वाढे निम्म्या ट्रॉल्यांचे दिवे झाकून टाकतात. खालच्या पट्टीपर्यंत ते सहसा पोचत नाहीत, तिला फक्त चिखलाची भीती. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली रांगेत उभी असते तेवढ्या वेळात ओल्या फडक्याने ती पुसून होते.

आपले,
भौतिकशास्त्र शिकवणारे तिघे आणि मोटारींचे पत्राकाम करणारा एक,
जळगाव